फॉरेन्सिकला जा, पण आपल्यांना वाचवायला नको

२०२४ च्या मे महिन्यात बारावीचा निकाल लागला, त्या संध्याकाळी सोलापूरला आपाच्या घरी पेढ्यांचा बॉक्स उघडा होता आणि कुणी पेढा खात नव्हतं. भाचीला सायन्सला चांगले मार्क पडले होते. आपाच्या मनात बी.फार्मसी होतं. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर, त्यामुळं माझ्या मनात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग होतं. पुढं नोकरीसाठी चार ठिकाणी शब्दही टाकता आला असता. पोरीनं मात्र जाहीर केलं की तिला फॉरेन्सिक सायन्स करायचंय.

आपा म्हणाली, "मुर्दे चीरने वास्ते इत्ता पढायी क्या मैं तुजे?" दुल्हाभाईंना पोलीस स्टेशन, कोर्ट आणि रात्री-अपरात्रीच्या ड्युट्या दिसायला लागल्या. आणि घरातला शिकलेला मामू म्हणून मी काय बोललो? "टीव्हीवरच्या मालिका बघून करिअर ठरवत नसतात."

त्या खोलीतलं सगळ्यात अडाणी वाक्य माझं होतं. आपाला भीती तरी होती. मला फॉरेन्सिकमधलं काहीच माहीत नव्हतं आणि तरी मी निकाल देऊन मोकळा झालो होतो. त्यानंतर मी या विषयावर जमेल तेवढं वाचलं, माहिती काढली, आणि माझं मत पार बदललं. आपल्या पोरापोरींनी या क्षेत्रात जावं असं मला आता मनापासून वाटतं. पण आपल्याकडं त्याचं जे कारण सांगितलं जातं, ते मला मान्य नाही. म्हणून हा लेख.

त्या मुलीसाठी कुणी फोन केला?

भाचीनं फॉरेन्सिक का निवडलं, हे तिनं त्याच रात्री गच्चीवर मला सांगितलं. २०२२ मध्ये आमच्या मोहल्ल्यातल्या एका मुलीच्या नावानं कुणीतरी इन्स्टाग्रामवर खोटं खातं उघडलं होतं. तिचे फोटो बदलून, घाणेरडे करून त्यावर टाकले होते. मुलीचं कॉलेज बंद झालं. वडिलांनी हिंमत करून तक्रार दिली. संशय गेला आमच्याच गल्लीतल्या एका मुलावर आणि पोलिसांनी त्याचा मोबाइल जप्त केला.

गल्लीनं एका दिवसात निकाल लावला. पोरगं नमाजी आहे, सरळ आहे, आपलं आहे म्हणून उचललंय. मलाही तसंच वाटलं. मी ओळखीच्या वकिलाला फोन केला. मोबाइल जप्त करताना तांत्रिक चूक झाली असेल तर ती कुठं शोधायची, हे त्याला मेसेजवर मुद्देसूद लिहून दिलं. फार मोठं काम केल्यासारखं वाटलं होतं.

बऱ्याच महिन्यांनी प्रयोगशाळेचा अहवाल आला. मूळ फोटो, ते बदलल्याच्या खुणा, त्या खोट्या खात्यात लॉग-इन केल्याच्या नोंदी, सगळं त्याच मोबाइलमध्ये होतं. त्यानं डिलीट केलं होतं, पण मोबाइलनं पुसलं नव्हतं. नंतर त्यानं घरात कबूलही केलं. गल्ली गप्प झाली. त्या मुलीच्या दारात जाऊन माफी मात्र कुणी मागितली नाही. मीही नाही.

भाची त्या मुलीच्या मागच्या वर्गात होती. ती मला म्हणाली, "मामू, तुम्ही त्याच्यासाठी वकिलाला फोन केला. तिच्यासाठी कुणी केला? तिच्या बाजूनं फक्त तो रिपोर्ट बोलला."

यावर माझ्याकडं तेव्हा उत्तर नव्हतं, आजही नाही.

पुरावा कुणाला हवा असतो

आपल्या समाजात पुराव्याची भाषा बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूनं बोलली जाते. त्याला कारणंही आहेत, ती मी नाकारत नाही. २०२५ च्या जुलैमध्ये दहा दिवसांच्या अंतरानं दोन निकाल लागले. २१ जुलैला मुंबई उच्च न्यायालयानं ११ जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातल्या सगळ्या १२ जणांची दोषसिद्धी रद्द केली. त्यातल्या पाच जणांना २०१५ मध्ये विशेष न्यायालयानं फाशी सुनावली होती. जप्त केलेली स्फोटकं तपासणीला जाईपर्यंत नीट सीलबंद आणि सुरक्षित ठेवली होती, हे अभियोग पक्षाला दाखवता आलं नाही, हा उच्च न्यायालयाच्या आक्षेपांपैकी एक होता. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयानं हा निकाल इतर खटल्यांत नजीर म्हणून वापरायला स्थगिती दिली.

३१ जुलैला मालेगावच्या भिक्कू चौकातल्या २००८ च्या स्फोटाचा निकाल लागला. विशेष न्यायालयानं सातही आरोपींना निर्दोष सोडलं. तिथंही घटनास्थळ नीट बंदिस्त न केल्याचा आणि गोळा केलेले नमुने दूषित झाल्याचा मुद्दा आला.

पहिल्या निकालाच्या दिवशी माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक ग्रुप आनंदात होता आणि दुसरा संतापात. दहा दिवसांनी दोघांच्या भूमिका उलटल्या. मला या दोन निकालांतलं साम्य दिसलं. लोकलमध्ये १८९ माणसं गेली. मालेगावात सहा गेली. इतकी वर्षं थांबूनही "हे कुणी केलं?" या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या घरच्यांच्या हातात नाही. आणि दोन्हीकडं निकालपत्रात एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीची चर्चा आहे. पाकीट कुणी बंद केलं? सील कुणी लावलं? ते कुठं ठेवलं? ज्या चौकात स्फोट झाला, तिथं दोरी कुणी बांधली?

निरपराध माणूस सुटावा म्हणून पुरावा नीट लागतो. गुन्हेगार सुटू नये म्हणूनही तोच पुरावा तितकाच नीट लागतो. दोघांसाठी वेगवेगळी विज्ञानं नसतात.

खुलन्याचा गणिती आणि ओरेगॉनचा वकील

"ह्या लाइनीत आपलं कोण आहे?" असं मला एकानं विचारलं होतं. त्याला मी काझी अझीझुल हक यांची गोष्ट सांगितली.

बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखण्यासाठी जगातल्या अगदी सुरुवातीच्या कार्यालयांपैकी एक १८९७ मध्ये कलकत्त्यात सुरू झालं. त्यामागच्या वर्गीकरणाच्या पद्धतीला जग बंगालचे तेव्हाचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांच्या नावानं ओळखतं. पण त्यातलं गणित होतं हक यांचं. ते आताच्या बांगलादेशातल्या खुलन्याकडचे, कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकलेले आणि पोलिसात सब-इन्स्पेक्टर म्हणून भरती झालेले. त्यांचे सहकारी हेमचंद्र बोस. अडचण अशी होती की हजारो ठसे गोळा केले तरी हवा तो शोधायचा कसा? हक यांनी दहा बोटांच्या पाच जोड्या केल्या. ज्या बोटावर चक्र असेल त्या बोटाला जोडीप्रमाणे १६, ८, ४, २ किंवा १ असा आकडा दिला. त्यातून ३२ गुणिले ३२, म्हणजे १०२४ कप्पे तयार झाले. कुठलाही ठसा आला की नेमक्या कप्प्यात जातो.

हे वाचताना मी खुर्चीतून उठलोच. चक्र आहे किंवा नाही, म्हणजे एक किंवा शून्य. दहा बोटं म्हणजे दहा बिट. दोनचा दहावा घात १०२४. मी ज्यावर पोट भरतो ते बायनरी गणित एका पोलीस सब-इन्स्पेक्टरनं संगणक येण्याच्या कितीतरी आधी लाकडी कपाटात मांडलं होतं!

त्याच सुमारास जलपायगुडीत चहाच्या मळ्याच्या मॅनेजरचा खून झाला. एका बंगाली पंचांगावर अंगठ्याचा पुसट डाग सापडला आणि तो पूर्वी त्यांच्याकडं नोकरीला असलेल्या माणसाच्या ठशाशी जुळला. न्यायालयानं त्याला चोरीसाठी दोषी धरलं, खुनासाठी नाही. ठसा सांगतो की माणसानं त्या वस्तूला हात लावला. खून कुणी केला, हे ठसा सांगत नाही. विज्ञान जेवढं सांगतं तेवढंच ऐकायचं, हा धडा इतका जुना आहे.

तो धडा विसरल्यावर काय होतं? मार्च २००४ मध्ये माद्रिदच्या रेल्वेत स्फोट झाले. एका पिशवीवरचा ठसा स्पेनच्या पोलिसांनी जगभर पाठवला. अमेरिकेच्या एफबीआयनं तो ओरेगॉन राज्यातल्या ब्रँडन मेफिल्ड या वकिलाचा असल्याचं सांगितलं. हे गृहस्थ इस्लाम स्वीकारलेले. एकाहून जास्त तज्ज्ञांनी "शंभर टक्के जुळतो" म्हणून शिक्कामोर्तब केलं. स्पेनचे पोलीस मात्र जुळत नाही म्हणत होते. मेफिल्ड दोन आठवडे कोठडीत होते. मग स्पेननं तो ठसा एका अल्जीरियन माणसाचा असल्याचं शोधून काढलं. एफबीआयनं माफी मागितली आणि २००६ मध्ये अमेरिकी सरकारनं त्यांना वीस लाख डॉलर भरपाई दिली.

नंतरच्या सरकारी चौकशीचा निष्कर्ष प्रत्येकानं नीट वाचावा असा आहे. चूक धर्मामुळं सुरू झाली नव्हती, कारण पहिली जुळणी झाली तेव्हा तज्ज्ञांना तो माणूस कोण हे माहीत नव्हतं. दोन ठसे खरोखरच विलक्षण सारखे होते. पण तो कोण आहे हे कळल्यानंतर, स्पेननं शंका घेतली तरी पुन्हा नीट तपासायला तज्ज्ञ तयार झाले नाहीत. त्यात त्याच्या धर्माचा वाटा असावा, असं चौकशीनं म्हटलं. म्हणजे यंत्र बरोबर होतं, भिंगही बरोबर होतं. भिंगामागच्या माणसाला उत्तर आधीच ठाऊक होतं.

"आपला माणूस आत हवा" यावर माझा आक्षेप

इथंच आपल्याकडचे काही लोक म्हणतात, "म्हणून तर आपली पोरं लॅबमध्ये हवीत. आपल्यांना वाचवतील."

मला हे वाक्य ऐकलं की भीती वाटते. एफबीआयच्या तज्ज्ञांनी जे केलं, तेच उलट्या दिशेनं करायला आपण आपल्या पोरांना सांगतोय. आमच्या गल्लीतल्या त्या मुलाचा मोबाइल अशा "आपल्या" माणसाच्या टेबलावर गेला असता तर? त्या मुलीचं काय झालं असतं? आणि ती कुणाची होती? ती आपली नव्हती?

प्रयोगशाळेत सगळ्या जातीधर्मांची, खेड्यातली, शहरातली, बायका आणि पुरुष अशी सगळी माणसं असावीत, याचं कारण वेगळं आहे. एकाच तऱ्हेची माणसं एका खोलीत बसली की त्यांच्या चुकाही एकसारख्या होतात. जो प्रश्न एकाला सुचत नाही तो दुसऱ्याला सुचतो. मेफिल्डच्या वेळी "थांबा, पुन्हा बघू" म्हणणारं एक माणूस त्या खोलीत हवं होतं. ते कुठल्याही धर्माचं चाललं असतं. आपण त्या खोलीत जायचं ते असं म्हणण्यासाठी. मग समोरचा आरोपी आपला असो वा परका.

साक्ष जवळच्याच्या विरोधात जात असली तरी खरीच द्यायची, हे आपण लहानपणी मदरशात, घरात, सगळीकडं ऐकलेलं असतं. फॉरेन्सिक म्हणजे त्याच गोष्टीची नोकरी आहे.

काही मित्र म्हणतात की सगळी व्यवस्थाच वाकलेली असेल तर एक वैज्ञानिक सहायक काय करणार? मी म्हणतो, तो सील तुटलेलं पाकीट आलं तर तसं नोंदवहीत लिहील. नमुना अपुरा असेल तर "मत देता येत नाही" असं लिहील. कितीही फोन आले तरी ते बदलणार नाही. हे छोटं वाटतं. पण वर सांगितलेल्या दोन्ही निकालांत नेमक्या याच छोट्या गोष्टींची उणीव होती.

आता कामाचं बोलू

आधी एक गैरसमज दूर करतो, माझ्या आपाचाही हाच होता. शवविच्छेदन करतात ते डॉक्टर. त्यासाठी एमबीबीएस आणि पुढं न्यायवैद्यकशास्त्रात एमडी करावं लागतं. बी.एस्सी. फॉरेन्सिक करणारी मुलं प्रयोगशाळेत काम करतात. पेपरात आपण वाचतो की "व्हिसेरा राखून ठेवण्यात आला". तो व्हिसेरा ज्यांच्याकडं जातो आणि ज्यांच्याकडून पोलिसांच्या भाषेतला "सीए रिपोर्ट" येतो, ती ही माणसं. विष, रक्त, डीएनए, बंदुकीच्या गोळ्या, हस्ताक्षर आणि बनावट सह्या, आवाजाचे नमुने, मोबाइल आणि संगणक असे वेगवेगळे विभाग असतात.

कायद्यामुळं या कामाची गरज वाढली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञानं घटनास्थळी जाणं बंधनकारक होणार आहे. तयारीसाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत दिली आहे. केंद्रानं २०२४ मध्ये फॉरेन्सिक सुविधा वाढवण्यासाठी २,२५४ कोटी रुपयांची योजनाही मंजूर केली. एवढ्या गुन्ह्यांच्या जागी जायला माणसं कुठून येणार? शिकलेल्या मुलांतूनच येणार.

शिकायचं कुठं? महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथं शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. खासगी कॉलेजांपेक्षा तिथं खर्च कमी येतो. गांधीनगरचं राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ २०२० च्या कायद्यानं राष्ट्रीय महत्त्वाची संस्था झालं. त्याचे कॅम्पस गोव्यात आणि नागपुरातही आहेत, प्रवेशासाठी त्यांची स्वतंत्र परीक्षा असते. आणि एक रस्ता लोक विसरतात. साध्या बी.एस्सी.ला रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा मायक्रोबायोलॉजी घट्ट करायचं आणि एम.एस्सी. फॉरेन्सिकमधून करायचं. ज्याच्या गावात फक्त साधं सायन्स कॉलेज आहे, त्यानं हा रस्ता कमी समजू नये. सरकारी प्रयोगशाळांच्या कित्येक पदांना रसायनशास्त्राची पदवी चालते.

खासगी कॉलेजांच्या जाहिराती मात्र डोळे उघडे ठेवून वाचा. हातकड्या, भिंग आणि "नोकरीची हमी" असं पोस्टर दिसलं की चार प्रश्न विचारा. विद्यापीठाची मान्यता आहे का? प्रयोगशाळा दाखवाल का? शिकवणारे स्वतः काय शिकलेत? मागच्या तीन बॅचची मुलं आज कुठं आहेत? शेवटच्या प्रश्नावर समोरचा विषय बदलायला लागला तर उठून या. सहा महिन्यांच्या सर्टिफिकेटवर कुणी फॉरेन्सिक तज्ज्ञ होत नाही.

नोकरीचं खरं सांगतो. सरकारी भरती संथ आहे. महाराष्ट्राचं न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालय मुंबईत कलिन्याला आहे. पुणे, नागपूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नांदेड, कोल्हापूर इथं प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. वैज्ञानिक सहायकाच्या जाहिराती येतात, पण दरवर्षी येतीलच असं नाही. प्रत्येक विभागाची पात्रता वेगळी असते. म्हणून पदवीला प्रवेश घेण्याआधीच एखादी जुनी जाहिरात काढून वाचा, आपल्याला कुठल्या टेबलावर बसायचंय ते ठरवा आणि त्याप्रमाणे विषय निवडा. पुण्यात केंद्राचीही प्रयोगशाळा आहे. शिकवायचं असेल तर नेट परीक्षेत फॉरेन्सिक सायन्स हा विषय आहे. बँका, विमा कंपन्या, आर्थिक गैरव्यवहार तपासणाऱ्या फर्म आणि सायबर सुरक्षा कंपन्यांतही काम मिळतं. घरची परिस्थिती बेताची असेल आणि बावीसाव्या वर्षी पगार हवाच असेल, तर दुसरं एखादं कौशल्य सोबत ठेवा. हे मी घाबरवायला सांगत नाही. कुणी आधी सांगितलं नाही म्हणून तिसऱ्या वर्षी रडणारी मुलं असतात, त्यासाठी सांगतोय.

"आपल्याला घेतील का?" हा प्रश्न मला नेहमी विचारतात. भेदभाव नसतोच असं मी म्हणणार नाही. पण मागची जाहिरात आली तेव्हा आपल्या मोहल्ल्यातून किती जणांनी फॉर्म भरला, हे एकदा मोजून बघा. न भरलेल्या फॉर्मवर अन्यायाचा दावा करता येत नाही.

माझ्यासारख्यांसाठी

इंजिनिअरिंग झालेल्यांनाही इथं दार उघडं आहे. आम्ही रोज 'गिट' वापरतो, त्यात प्रत्येक बदलाला एक हॅश असतो. फाइलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी हॅश पूर्ण बदलतो. माझ्यासाठी ती रोजची, कंटाळवाणी गोष्ट होती. डिजिटल फॉरेन्सिकमध्ये त्याच आकड्यावर माणसाचं आयुष्य ठरतं. जप्त केलेल्या हार्डडिस्कची हुबेहूब प्रत काढायची, मूळ डिस्कवर काही लिहिलं जाणार नाही याची काळजी घ्यायची, दोन्हींचा हॅश जुळवायचा आणि तपास प्रतीवर करायचा. पुढं कुणी फाइल घुसवली तर हॅश जुळणार नाही. नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात आता हॅश नोंदवावा लागतो.

शिकायला पैसे लागत नाहीत. लिनक्स शिका. 'ऑटोप्सी' हे मोफत सॉफ्टवेअर आहे, सरावासाठी इंटरनेटवर तयार डिस्क-प्रती मिळतात. सराव त्यावर करा. बहिणीच्या किंवा मित्राच्या मोबाइलवर करू नका, तो गुन्हा आहे आणि वाईट सवयही.

आणखी एक गोष्ट, जिच्यात आपण कमी नाही. आपल्या जिल्ह्यांतल्या कोर्टांची भाषा मराठी आहे, पंचनामा मराठीत असतो. डीएनए म्हणजे काय, "जुळतो" म्हणजे नेमकं किती जुळतो, हे सरकारी वकिलाला, बचावाच्या वकिलाला आणि न्यायाधीशांना साध्या मराठीत समजावून सांगता आलं पाहिजे. घरी दखनी, बाहेर मराठी, पुस्तकात इंग्रजी असं वाढलेल्या आपल्या पोरांना एका भाषेतलं दुसरीत नेण्याची सवय असते. तिचा उपयोग करा. मराठी कच्ची ठेवून इथं भागणार नाही.

मनाचीही तयारी लागते. लहान मुलांच्या केसेस येतात, कपडे येतात, रक्त येतं. घरच्यांनी पोरीला "लग्न कसं होणार" विचारण्याआधी "आज कसं गेलं" विचारलं तर तिला ते काम पेलेल.

स्टीलचा डबा

भाची आता छत्रपती संभाजीनगरला दुसऱ्या वर्षात आहे. आपा राजी कशी झाली, तर ती झालेली नाही, तिनं फक्त विरोध सोडला. गेल्या ईदला पोरगी घरी आली ती काळ्या पावडरची बाटली आणि एक मऊ ब्रश घेऊन. आपाचा शीरखुर्म्याच्या सुक्यामेव्याचा स्टीलचा डबा तिनं समोर घेतला आणि त्यावर अलगद ब्रश फिरवायला लागली. डबा काळा झाला म्हणून आपा ओरडली. मग ठसे उमटायला लागले तशी तीही वाकून बघायला लागली.

डब्यातले काजू दोन दिवसांपासून कमी होत होते आणि आपाचा संशय धाकट्या पोरावर होता. "इसीच के हैं ना?" तिनं विचारलं.

भाचीनं मान वर केली नाही. "पैले देखने दो अम्मी, फिर बोलती."